भ्रामक, चुंबक आणि अधांतरी भिंगरी

शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेसाठी आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसाने चुंबकावर तरंगणाऱ्या भिंगरीचा विषय निवडावा, हे काही श्रोत्यांना नवलाचे वाटेल. परंतु माझी वाट शब्दांवरून जाते, आणि या खेळण्याची कथाही एका शब्दापासूनच सुरू होते.

चुंबकाला संस्कृतात अयस्कान्त म्हणतात. कालिदासाने ‘कुमारसंभवा’त उमा शंकराचे मन कसे ओढून घेईल, हे सांगताना त्याचीच उपमा योजिली आहे. पुढे मध्ययुगातील ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्राच्या ग्रंथात कान्तलोहाचे पाच प्रकार सांगितले आहेत : भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक आणि रोमकान्त. यांपैकी भ्रामक म्हणजे लोखंडाला फिरविणारा. आपला ‘भोवरा’ हा शब्दही त्याच ‘भ्रम्’ धातूच्या कुळातला. कालांतराने ‘भ्रामक’ या शब्दाला फसवा, आभास निर्माण करणारा असा अर्थ चिकटला आणि मूळ अर्थ विस्मृतीत गेला. चुंबकाच्या इतिहासात मात्र फिरविणे आणि फसविणे हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत आले आहेत.

फसवणुकीची कथा आधी पाहू. अलेक्झांड्रियातील एका मंदिराच्या छताला चुंबकपाषाण बसवून लोखंडी मूर्ती अधांतरी ठेवण्याची योजना होती, असे रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात लिहिले. तेराव्या शतकातील अल् कझ्विनी याने सोमनाथाच्या मूर्तीविषयी तशीच हकीकत नोंदविली. गझनीच्या महमुदाची स्वारी तोवर दोन शतके जुनी झाली होती. असल्या कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. करून पाहण्याच्या भरीस फारसे कोणी पडले नाही.

करून पाहणाऱ्यांचा मान सोळाव्या शतकात काही अंशी आपल्या गोव्याकडे जातो. 1538 साली लिस्बनहून गोव्यास येणारा जुआंव द काश्त्रु वाटेत होकायंत्राच्या सुईचे विचलन काटेकोरपणे मोजीत आला. त्याच वर्षाच्या अखेरीस वसईच्या परिसरात, जवळच्या खडकांमुळे सुई बहकते, हेही त्याने टिपून ठेवले. हाच गृहस्थ 1545 मध्ये गोव्याचा कारभार हाती घेऊन आला. त्यानंतर 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्याने एक जुनी समजूत खोडून काढली. हिरा जवळ असता चुंबक लोखंड ओढीत नाही, असे विद्वान शतकानुशतके सांगत आले होते. आपण प्रयोग करून पाहिला आणि तसे होत नाही, असे ओर्ताने लिहिले. सत्तेच्या आणि धर्मपीठाच्या त्या कठोर काळात एका वैद्याने पूर्वसूरींच्या वचनापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवावा, ही गोष्ट सामान्य नव्हे.

अधांतरी मूर्तीच्या कथेचा निकाल लागला तो 1842 मध्ये. सॅम्युअल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाच्या सिद्धान्ताचे तात्पर्य असे की, निश्चल चुंबकांची कशीही मांडणी केली तरी दुसरा निश्चल चुंबक केवळ त्यांच्या बळावर हवेत टिकून राहणार नाही. वरखाली तोल साधला तर तो बाजूला घसरतो. बाजूचा साधला तर वरखाली ढळतो. त्यामुळे चुंबकावर वस्तू तरंगविण्याचा खटाटोप शहाण्यांनी जवळजवळ सोडूनच दिला.

तो सोडला नाही अमेरिकेतील व्हरमाँटच्या रॉय हॅरिगन या संशोधकाने. त्याने निश्चल चुंबकाऐवजी फिरता चुंबक घेतला. 1983 मध्ये त्याला या युक्तीचे पेटंट मिळाले आणि 1990 नंतरच्या दशकात ‘लेव्हिट्रॉन’ या नावाने असे खेळणे बाजारात आले. त्याची संगती ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मायकेल बेरी यांनी 1996 मध्ये गणिताने लावून दाखविली. म्हणजे हात आधी पोहोचला, शास्त्र मागाहून आले. अर्नशॉचा सिद्धान्त मात्र खोटा ठरला नाही. तो निश्चल वस्तूविषयी होता आणि ही भिंगरी निश्चल नव्हती, एवढेच.

भिंगरी तरंगते कशी? दोन चुंबकांचे सजातीय ध्रुव समोरासमोर आणले की ते एकमेकांना दूर लोटतात. पण वरचा चुंबक तत्काळ उलटतो आणि खालच्याला जाऊन चिकटतो. तो गरगर फिरत असेल तर उलटत नाही. भिंगरी किंचित बाजूला सरकली की तिची आस तेथील चुंबकीय बलाच्या दिशेनुसार कलते आणि ती पुन्हा मध्याकडे वळते. वेग फार असेल तर आस ताठर राहते आणि भिंगरी निसटते. वेग फार मंदावला तर ती उलटते. बाजारातील भिंगरी सेकंदाला साधारण वीस ते तीस फेरे घेत, सुमारे तीन सेंटिमीटर उंचीवर, दोनएक मिनिटे तरंगते. मग हवेच्या घर्षणाने वेग कमी होऊन पडते.

हे घरीही साधता येते. जुन्या स्पीकरमधील फेराइटचे कंकणाकृती चुंबक, त्यांवरील लोखंडी चकत्या काढून, बैठकीसाठी घ्यावेत. लहान कंकणात प्लास्टिकची किंवा पितळेची आस बसवून भिंगरी करावी. बैठकीवर प्लास्टिकचा पातळ पत्रा ठेवून त्यावर भिंगरी फिरवावी आणि पत्रा हळूहळू वर उचलावा. भिंगरी उसळून बाहेर पडली तर ती हलकी आहे. पत्रा सोडीतच नसेल तर जड आहे. मग कागदाच्या चकत्या घालून वा काढून वजन जुळवावे. एका बाजूला निसटत असेल तर बैठकीखाली कागदाच्या घड्या सरकवाव्यात. दुपारच्या उन्हात चुंबक किंचित क्षीण होतो, म्हणून सकाळी जुळलेले वजन दुपारी पुन्हा जुळवावे लागते. येथे चिकाटीची खरी परीक्षा होते.

आता डिचोलीकडे वळू. तेथील खाणींची तांबडी माती चुंबकापाशी नेली तर ती फारशी दाद देत नाही, कारण तिच्यातील लोह मुख्यतः हेमॅटाइटच्या, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडच्या रूपात असते. आणि स्पीकरमधला फेराइट चुंबकही मुळात लोहाचा ऑक्साइडच. बेरियम किंवा स्ट्रॉन्शियमचे संयुग मिसळून, भाजून, मग चुंबकित केलेला. 1950 नंतर हॉलंडमधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत तो विकसित होत होता, त्याच काळात आपला खनिज दगड बोटींत भरून जपानकडे जाऊ लागला होता. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ट्रकचे हप्ते फेडणाऱ्या घरांनी काय सोसले, हे डिचोलीकरांना सांगावयास नको. पुढे लिलाव होऊन खाणकाम पुन्हा सुरू झाले. दगड पुन्हा जाईल. पण त्याचे काय होऊ शकते, हे ज्ञान आपल्या मुलांच्या हाती असावे.

पेडणे महाल 1788 पर्यंत सावंतवाडीकरांकडे होता. त्या सावंतवाडीची लाकडी, लाखकामाची खेळणी आजही नावाजलेली आहेत. सुबक भोवरा घडविणारा हात या मुलखाला परका नाही. त्या हाताला चुंबकाची जोड द्यावी, शाळेतील एक कपाट जुन्या स्पीकरसाठी मोकळे करावे आणि भिंगरी शंभर वेळा पडली तरी मुलांना एकशेएकावी संधी द्यावी, एवढीच शिक्षकबंधूंना व भगिनींना माझी विनंती आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमतो, त्या गुरुजींना तीच आदरांजली ठरेल.