वालधुनीचा वास

अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२चं, म्हणजे इ.स. १०६०चं. ते ज्या वालधुनीच्या काठी उभं आहे, तीच नदी पुढे उल्हासनगरातून वाहते. नोव्हेंबर २०१४मध्ये या नदीत कुणीतरी रासायनिक कचरा ओतला. काठच्या वस्तीतल्या शेकडो माणसांना मळमळ, उलट्या, डोळ्यांची आग; दवाखाने भरून गेले.

अशा कचऱ्यातून सुटणारा एक वायू म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. कापड रंगवायच्या कामात सोडियम सल्फाइड वापरतात. त्याच्या सांडपाण्यात आम्ल मिसळलं की हा वायू बाहेर पडतो. कोटा आणि मणुगुरूच्या कारखान्यांत तो अणुभट्ट्यांचं जड पाणी बनवायला वापरतात, पण बंद नळ्यांतून. आपल्याकडे उघडा नाला!

त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, हे बहुतेकींना ठाऊक असतं. पुढचं मात्र ठाऊक नसतं. वायू वाढला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. आपण म्हणतो, “गेला एकदाचा!” आणि दार उघडतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून नाल्याकाठच्या खोलगट घरांत साचून राहतो. तेव्हा वास थांबला तरी पोरांना, म्हाताऱ्यांना घेऊन नाल्यापासून दूर, उंचावर जायचं. वारा जिकडून येतोय तिकडे.