बोरीबंदर, १८८६

साल १८८६. रोह्याहून काल संध्याकाळी सुटलेली तुमची बैलगाडी नागोठणे, वडखळ मागे टाकून उजाडता उजाडता धरमतरला पोचते. बंदरावर पेणची मंडळी आधीच आगबोटीची वाट बघत बसली आहेत. पेणच्या गणपतींचं नाव गाजायला अजून अवकाश आहे. आज त्यांच्याकडे आहेत तांदळाची पोती. त्यांतल्याच एकाला टेकून तुम्ही मुंबई गाठता.

बोरीबंदरला या. गाड्या १८८२ पासूनच इथून सुटताहेत, पण पुढची मोठी इमारत अजून पुरी व्हायची आहे. परांचीखालून वाट काढताना कुणीतरी ओरडतं, “काका, बाजूला सरा, कपच्या उडतायत!” पोरबंदरी दगडातून मोराचा पिसारा निघतोय. कारागीर छिन्नी जरा तिरकी धरतो, हलकेच हातोडी मारतो, भुकटी फुंकतो आणि पुन्हा मारतो. नक्षीचं काम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडे आहे; त्यांच्यावर देखरेख जॉन ग्रिफिथ्स यांची.

आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. १८४७ साली इंग्लंडातल्या बाथ गावी जन्मलेला हा माणूस १८६७ मध्ये सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला आला, आधी पुण्यात, मग मुंबईत. १८७८ मध्ये हे काम हाती आलं, तेव्हा तिशी नुकतीच उलटली होती. अष्टकोनी घुमट आतून लाकडी आधार न देता रचायची करामत याच इमारतीतली. पण कागदावरची रेघ दगडात उतरवायला साहेबांच्या हाताखाली सीताराम खंडेरावांसारखे इथलेच अभियंते आहेत.

पुढच्या वर्षी स्थानकाला व्हिक्टोरिया राणीचं नाव मिळेल, १८८८ मध्ये इमारत पुरी होईल, खर्च सोळा लाखांवर जाईल. समोर महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सच उभारतील, १८९३ पर्यंत. १९०० मध्ये हिवतापानं ते मुंबईतच जातील.

आता निघा, परतीची आगबोट चुकेल. रेल्वेचा एवढा थोरला वाडा बघून घरी कौतुक सांगालच, पण आगगाडीची वाट मात्र बघू नका. ती रोह्याला पोचेल १९८६ मध्ये. तोवर आपली बैलगाडीच बरी.