मलिहाबादचा आंबा आणि मराठी गोडाची वाटी

मंडळाच्या पन्नास वर्षांतील नाटके, व्याख्याने आणि पदाधिकारी ह्यांचा वृत्तान्त प्रस्तुत अंकात अन्यत्र आला आहे. पंगतीत काय वाढले गेले, ह्याची नोंद मात्र इतिवृत्ताच्या वहीत सहसा होत नाही. वस्तुतः परप्रांती आलेल्या समाजाने काय राखले, काय सोडले आणि नव्याने काय आपलेसे केले, हे ठरावांपेक्षा ताटातील गोडाच्या वाटीवरून अधिक स्पष्ट कळते.

ह्या मुलखात मराठी माणूस नवा नाही. १८१८ नंतर दुसऱ्या बाजीरावाबरोबर कित्येक कुटुंबे कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास आली. १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने लखनौस मॅरिस संगीत महाविद्यालय निघाले आणि पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी ते दीर्घकाळ सांभाळले. उरलेली भर सरकारी खात्यांतील बदल्यांनी घातली. ह्या मंडळींच्या सामानातून पुरणयंत्र आले, मोदकपात्र आले. कोकणचा हापूस तेवढा येऊ शकला नाही. लखनौपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर मलिहाबादच्या आमराया पसरलेल्या होत्या, पण तेथला राजा दशहरी.

दशहरीचे कूळ जवळच्याच दशहरी गावचे. त्याचा मूळ वृक्ष तेथे अजून उभा आहे आणि त्याचे वय दोनशे वर्षांच्या घरात सांगतात. मलिहाबादच्या आफ्रिदी पठाणांनी बागाईत वाढविली. लांबट, पातळ कोयीचे, रेषाविरहित असे हे फळ गोडीला अव्वल. परंतु स्वभाव हापूसपेक्षा अगदी निराळा. येथील लोक ते पाण्याच्या बादलीत गार करून चोखतात वा कापून खातात. रस काढून पुरीबरोबर खाणारी माणसे पाहिली की शेजाऱ्यांच्या भुवया वर जातात.

पहिली अडचण पंचांगाची होती. आपल्याकडे अक्षय तृतीयेस पितरांना आंबा अर्पण केल्यावाचून कित्येक घरांत आंबा खात नाहीत. ती तिथी येते एप्रिल-मे महिन्यांत, आणि दशहरी उतरतो जूनमध्ये. वैशाखात मलिहाबादेत कैऱ्या असतात. माझ्या माहितीच्या अनेक घरांत अक्षय तृतीयेस पन्हे आणि आंबेडाळ ह्यांवर भागविले जाई व पिकल्या आंब्याचा मान वटपौर्णिमेच्या वाणास मिळे. धर्मशास्त्राचा आधार कोणी विचारला नाही. सासूबाईंनी संमती दिली की तोच आधार.

दुसरी अडचण रसाची. दशहरीचा रस फिकट पिवळा, पातळ आणि आंबटपणा कमी असलेला. तो जसाच्या तसा चक्क्यात मिसळला तर आम्रखंड सैल पडते. म्हणून येथील गृहिणी रस मंदाग्नीवर निम्मा आटवून, पूर्ण निववून मगच चक्क्यात घालू लागल्या. गेलेला रंग केशराच्या चार काड्यांनी भरून काढला. उन्हाळ्यात दही टांगले की उतरेपर्यंत आंबट होई, म्हणून विरजण संध्याकाळी उशिरा लावायचे व चक्का थंडाव्याच्या जागी टांगायचा, असा क्रम बसला. साखरांबा आणि गुळांबा ह्यांना मात्र काहीच सायास पडले नाहीत, कारण अवधातल्या घरांत कैरी आणि गूळ ह्यांचा ‘गुड़ंबा’ पूर्वीपासून होताच. शब्दही सख्ख्या बहिणींसारखे!

आता विलायती गोडाविषयी. कस्टर्ड आपल्या घरात इतक्या सहजपणे कसे शिरले, ह्याचे मला कुतूहल होते. मूळ कस्टर्ड अंड्याच्या बलकाचे. १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी, पत्नीला अंडे सोसत नाही म्हणून, मक्याच्या पिठीचे कस्टर्ड तयार केले. एका इंग्रज बाईच्या प्रकृतीमुळे हा पदार्थ आमच्या शाकाहारी स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडू शकला! शिवाय दुधात फळ घालणे आम्हांस नवे नव्हते. केळ्याचे शिकरण कोणत्या मराठी मुलाने खाल्ले नाही? कस्टर्ड म्हणजे इंग्रजी शाळेत जाऊन आलेले शिकरणच. दशहरीत आंबटपणा कमी असल्याने दूध नासण्याची भीतीही थोडी. अर्धा लिटर दुधास दोन मोठे चमचे पूड, चार चमचे साखर. गार झाल्यावर आंब्याच्या फोडी. लग्नकार्यात पुरीबरोबर फ्रूट सॅलड वाढण्याची टूम महाराष्ट्रात आली, तिचे बीज हेच.

जेलीचे तसे झाले नाही. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात, हे कळताच जुन्या बायकांनी पाकीट परत केले. त्यांच्या हट्टाला लखनौच्या उन्हाळ्यानेही दुजोरा दिला. जिलेटिन तीस-पस्तीस अंशांवरच वितळू लागते आणि जूनचा पारा येथे चाळीस ओलांडतो. शीतकपाटाबाहेर काढलेली जेली पाहुण्यांपुढे येईतो सरबत होई. समुद्रशेवाळापासून केलेला चायना ग्रास मात्र पस्तीस-चाळीस अंशांच्या सुमारास गोठतो आणि पुन्हा वितळायला ऐंशीच्या वर उष्णता मागतो. परातीत पाणी, त्यात भांडे, एवढ्यावर आंब्याचे पुडिंग घट्ट होई. सोवळे आणि रसायनशास्त्र ह्यांचे असे एकमत विरळा. केक पुष्कळ उशिरा आला. घट्ट दुधाच्या डब्याने अंड्याची जागा घेतली आणि जाड बुडाच्या पातेल्यात वाळू घालून भट्टीचे काम भागले, तेव्हा.

ह्या साऱ्यात छापील पुस्तकाचा वाटा किती? १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ निघाले. त्यातील वाटी-चमच्यांची मापे आईपासून हजार मैलांवर संसार मांडणाऱ्या मुलींना वरदान ठरली. पण दशहरीचा रस किती आटवावा, हे पुण्या-मुंबईचे पुस्तक कोठून सांगणार? ते ज्ञान येथल्याच चुलीवर जमले आणि वहीच्या पाठकोऱ्या पानांवर उतरले. अशा वह्या बदलीच्या धांदलीत रद्दीत जातात. ज्यांच्या घरी असतील त्यांनी त्या मंडळाच्या ग्रंथालयात आणून द्याव्यात, अशी विनंती आहे. तेलाचे डाग असले तरी चालतील.

मलिहाबादी दशहरीस २००९ साली आणि कोकणच्या हापूसास २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हापूसची पेटी आता कुरियरने लखनौत येते, तेव्हा अक्षय तृतीयेस आमरस करणे अशक्य राहिलेले नाही. तरी आमच्या घरी त्या दिवशी पन्हे होतेच, आणि आम्रखंडाचा चक्का टांगला जातो तो मलिहाबादची पहिली पेटी दारी उतरल्यावर.