चोपन्न थांब्यांचा रस्ता

26 ऑगस्ट 1968 रोजी अमेरिकेच्या दोन टोकांवरून दोन गाड्या एकाच वेळी निघाल्या. पश्चिमेला पॅसाडिनाच्या कॅलटेकमधून निघाली ती 1958 सालची जुनी फोक्सवॅगन मायक्रोबस. पूर्वेला केंब्रिजच्या एमआयटीतून निघाली ती कोरी शेव्हरोले कॉर्व्हेअर. दोन्ही गाड्यांची इंजिनं काढून त्यांच्या जागी विजेच्या मोटरी बसवलेल्या होत्या. कॅलटेकच्या पोरांनी एमआयटी गाठायची, एमआयटीच्या पोरांनी कॅलटेक, आणि जो आधी पोचेल तो जिंकला, अशी ही शर्यत. अंतर सुमारे 3300 मैल, म्हणजे पाच हजार किलोमीटरांच्या वर.

शर्यतीची कल्पना वॉली रिपेल या कॅलटेकच्या विद्यार्थ्याची. मायक्रोबस त्याचीच होती आणि एमआयटीला आव्हानही त्यानेच पाठवलं. यामागे नुसती हौस नव्हती. लॉस एंजेलिसच्या आसपास त्या काळी धुरक्याने डोळे चुरचुरत, समोरचे डोंगर दिवसेंदिवस दिसत नसत. हे धुरकं मोटारींच्या धुरावर ऊन पडून तयार होतं, हे सिद्ध करणारे आरी हागेन-स्मिट कॅलटेकमध्येच प्राध्यापक होते. पुढे हवेच्या प्रदूषणावर नियंत्रण ठेवणारं जे मंडळ कॅलिफोर्नियाने नेमलं, त्याचे पहिले अध्यक्षही तेच. अशा ठिकाणी शिकणाऱ्या मुलाला बिनधुराच्या गाडीचा ध्यास लागला, यात नवल ते काय?

पण या शर्यतीतली खरी कामगिरी गाड्यांची नव्हती. ती रस्त्याची होती.

बॅटरीवरची गाडी साठेक मैल गेली की थांबणार, हे दोन्ही संघांना आधीपासून ठाऊक होतं. मग साठ मैलांवर वीज हवी, त्यापुढच्या साठ मैलांवर पुन्हा हवी, आणि तीही घरातल्या प्लगमधून रात्रभर झिरपणारी नव्हे, तासाभरात बॅटरी भरेल एवढ्या जोराची. अशी सोय 1968 साली देशात कुठेच नव्हती. म्हणून वाटेवरच्या वीजकंपन्यांना गाठून, कुणाच्या आवारात, कुणाच्या उपकेंद्रापाशी, गावोगाव तात्पुरत्या जोडण्या उभ्या करण्यात आल्या. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत असे 54 थांबे झाले. शर्यत दहा दिवसांच्या आत आटोपली, पण तिची खरी तयारी म्हणजे हे 54 थांबे.

एवढे थांबे का लागले, ते बॅटरीच्या वजनावरून कळतं. कॅलटेकच्या बसमध्ये शिशाच्या बॅटऱ्या होत्या आणि त्यांचंच वजन नऊशे किलोंच्या घरात होतं. शिशाची बॅटरी किलोमागे जेमतेम तीसएक वॉट-तास वीज साठवते. म्हणजे सगळं मिळून पंचवीस-सत्तावीस युनिट, तीही सावकाश वापरली तर. मोटरने जोरात ओढली की हाती त्याहून कमी लागते. टाटांची पहिली नेक्सॉन ईव्ही 2020 साली आली तेव्हा तिच्यात 30.2 युनिटांची बॅटरी होती. साठा साधारण तेवढाच, पण रिपेलला त्यासाठी बसच्या पोटात जवळपास टनभर शिसं भरावं लागलं होतं आणि प्रत्येक चढावर ते वर न्यावं लागत होतं.

एमआयटीच्या संघाने, ज्याचा म्होरक्या लिऑन लोब होता, निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या घेतल्या. त्यांची किंमत वीस हजार डॉलरच्या घरात होती. कॅलटेकचा बॅटऱ्यांचा खर्च त्यापुढे काहीच नव्हता, काही शे डॉलरांत भागलं. निकेल-कॅडमियम झपाट्याने चार्ज होते, पण झपाट्याने चार्ज करताना तापतेही. ऑगस्टचा महिना, खाली तापलेला रस्ता. एमआयटीच्या पोरांना थांब्यावर पोचल्याबरोबर विजेच्या केबलीइतकीच बर्फाची गरज पडू लागली. बॅटऱ्यांवर बर्फाचे तुकडे ओतायचे, त्या निवल्या की पुढे निघायचं. म्हणजे विजेचा आराखडा होता, बर्फाचाही करावा लागला!

दोन्ही गाड्यांनी वाटेत दगा दिला. कॅलटेकच्या बसची मोटर ॲरिझोनात निकामी झाली. दुसरी येऊन बसेपर्यंत जवळजवळ एक दिवस गेला. एमआयटीची गाडी दोन थांब्यांच्या मध्ये अनेकदा अडकली आणि तिला दोर बांधून ओढावं लागलं. पॅसाडिनाला ती आधी पोचली खरी, पण तीही ओढतच. नियमानुसार ओढून नेलेल्या प्रत्येक मैलामागे वेळेचा दंड होता. कॅलटेकची बस 4 सप्टेंबरला केंब्रिजला पोचली. दंड धरून हिशेब केला तेव्हा दोघांचाही वेळ 210 तासांच्या आसपास निघाला आणि कॅलटेक अर्ध्या तासाने जिंकलं. जवळपास नऊ दिवसांच्या प्रवासात फरक अर्ध्या तासाचा.

या निकालाकडे दंडाच्या बाजूने पाहिलं तर तो फार बोलका आहे. महागडी, चपळ, ताज्या तंत्राची गाडी हरली, कारण ती थांब्यापर्यंत पोचण्यात कमी पडली. दुसरी संथ होती, जड होती, एक अख्खा दिवस रस्त्याकडेला पडून होती, तरी तिचा पुढचा थांबा सहसा तिच्या आवाक्यात राहिला. विजेच्या गाडीने लांब जायचं तर गाडीचा वेग दुय्यम, दोन थांब्यांमधलं अंतर आणि त्या अंतराचा नेमका अंदाज मुख्य. हे 1968 साली प्रयोगाने सिद्ध झालं. एका अर्थी ते त्याच्या साठ वर्षं आधीही झालं होतं, फक्त लोक ते विसरले होते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या शहरांत विजेच्या गाड्यांची चांगली चलती होती. त्यांना हँडल मारावं लागत नसे, त्या आवाज करत नसत, त्यांना धूर नव्हता. हेन्री फोर्ड पेट्रोलच्या गाड्यांवर श्रीमंत झाला, पण त्याची पत्नी क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची. अडचण शहराच्या वेशीबाहेर सुरू होई. फ्रान्समध्ये लुई क्रिगेर याने 1901 साली पॅरिसपासून शातेलरोपर्यंत 307 किलोमीटर एका चार्जिंगमध्ये गाठून दाखवले होते, पण तो विक्रम होता. रोजचा प्रवासी विक्रमाच्या भरवशावर निघत नाही.

ही अडचण अंगावर घेतली ती डेन्व्हरच्या ऑलिव्हर फ्रिचल याने. फ्रिचल मूळचा रसायनतज्ज्ञ. इतरांच्या गाड्यांच्या बिघडलेल्या बॅटऱ्या दुरुस्त करता करता तो स्वतः गाड्या बनवू लागला आणि त्या एका चार्जिंगमध्ये शंभर मैल जातात, अशी जाहिरात करू लागला. लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा 1908 साली त्याने इतर कारखानदारांना आव्हान दिलं: नेब्रास्कातल्या लिंकनहून न्यूयॉर्कपर्यंत या, पाहू कोण पोचतं. कुणीच पुढे आलं नाही. मग तो एकटाच निघाला, गिऱ्हाइकाला विकतो तशाच दोन आसनांच्या गाडीतून, आणि सुमारे 1800 मैलांचा कच्चा, चिखलाचा रस्ता दिवसाला सरासरी नव्वद मैल कापत पुरा केला.

नव्वद मैल म्हणजे संध्याकाळी ज्या गावात पोचायचं त्या गावात विजेचं केंद्र असलंच पाहिजे. नुसतं केंद्र असून भागत नसे. बॅटरीला एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, डीसी, लागतो. आणि त्या काळी गावागणिक व्यवस्था वेगळी, कुठे डीसी, कुठे एसी, व्होल्टेजही निरनिराळं. काही वीजघरं फक्त संध्याकाळी दिवे लावण्यापुरती चालत. फ्रिचलने मजल दरमजल जे अंतर कापलं, त्यात मुक्काम निवडण्याचं कसब गाडी बनवण्याच्या कसबाहून कमी मोलाचं नव्हतं. विजेच्या प्रवासाचा पहिला मोठा आराखडा त्याने आखला, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही. त्याचं नाव आज फोर्डच्या शेजारी कुणी घेत नाही, ही खंतावण्यासारखी गोष्ट आहे.

त्या काळी सोय करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. जनरल इलेक्ट्रिकने नाणं टाकून वीज देणारा, रस्त्याकडेला उभा करायचा एक खांब योजला होता. पंचवीस सेंटचं नाणं टाका, अडीच युनिट घ्या. रस्त्यांवर तो कधी रुजला नाही. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या वीजकंपनीने त्याहून धाडसी वाट धरली. 1910 ते 1924 या काळात तिचे ग्राहक गाडी बॅटरीशिवाय विकत घेत, बॅटरी कंपनीची असे, रिकामी झाली की बदलून मिळे आणि पैसे मैलांच्या हिशेबाने द्यावे लागत. त्या योजनेखाली गाड्यांनी साठ लाख मैलांहून जास्त अंतर कापलं. त्या प्रामुख्याने मालाच्या गाड्या होत्या आणि त्या शहरातच फिरत, हे मात्र खरं. शहराबाहेरच्या थांब्यांचा प्रश्न तसाच पडून राहिला. दरम्यान 1912 मध्ये कॅडिलॅकने विजेवर सुरू होणारं पेट्रोल इंजिन आणलं, हँडल मारण्याचा त्रास गेला, टेक्ससचं तेल स्वस्त झालं, पेट्रोलपंप गावोगाव झाले. पुढचं सर्वांना ठाऊक आहे.

विजेचा लांबचा प्रवास त्याच वर्षांत दुसरीकडे मात्र फळाला येत होता, आणि त्याचं एक ठळक उदाहरण सह्याद्रीतलं आहे. 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली रेल्वेगाडी धावली. पाच-सहा वर्षांत तारा बोरघाट चढून पुण्यापर्यंत पोचल्या आणि 1 जून 1930 रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली. घाटातल्या मालगाड्यांसाठी आणलेली लांब नाकाची, ‘क्रोकोडाइल’ या नावाने ओळखली जाणारी इंजिनं उतारावरून येताना ब्रेकमधली ऊर्जा वाया न घालवता वीज करून परत तारेत सोडत. आज खंडाळ्याचा घाट उतरताना विजेच्या मोटारीच्या पडद्यावर बॅटरी थोडी भरल्याचं दिसतं आणि चालकाला कौतुक वाटतं. त्याच घाटात ही करामत नव्वद वर्षांहून आधी रोज होत होती. रेल्वेला विजेचा लांबचा प्रवास जमला कारण तिच्या वाटेवर प्रत्येक हातावर वीज होती. थांबे आखण्याचा प्रश्नच तिला कधी पडला नाही.

कॅलटेक-एमआयटी शर्यतीचे 54 थांबे शर्यत संपताच मोडले गेले. त्यांतला एकही टिकला असता, एखाद्या महामार्गावर दहा जरी कायमचे राहिले असते, तर पुढची चाळीस वर्षं कदाचित वेगळी गेली असती, असं वाटल्यावाचून राहत नाही. दोन वर्षांनी, 1970 मध्ये, एमआयटी ते कॅलटेक अशी स्वच्छ गाड्यांची मोठी शर्यत झाली, पण तिच्यात विजेबरोबर इतर इंधनांच्याही गाड्या होत्या. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने 1990 मध्ये बिनधुराच्या गाड्यांची सक्ती केली, तेव्हा जनरल मोटर्स, होंडा, टोयोटा, फोर्ड या सर्वांनी विजेच्या गाड्या आणल्या. आता थांबे उभे राहिले, तर प्लगची भाषा जुळेना. जनरल मोटर्सच्या ईव्ही1 ला चार्जिंगसाठी एक चपटं वल्हं खाचेत सरकवावं लागे. होंडा आणि फोर्डला धातूचे संपर्कबिंदू असलेला वेगळाच जोड लागे. एकाच वाहनतळावर दोन चार्जर उभे, आणि तरी कुणाचं तरी काम अडलेलं. 2001 साली मंडळाने धातूच्या जोडाच्या बाजूने निकाल दिला, तोवर त्या गाड्यांचं उत्पादनच आवरतं घेतलं जात होतं.

वॉली रिपेल या सगळ्यातून गेला. ईव्ही1 ज्या नमुन्यातून पुढे आली त्या इम्पॅक्ट गाडीवर त्याने काम केलं आणि नंतर सुरुवातीच्या टेस्लामध्येही. टेस्लाने सप्टेंबर 2012 मध्ये कॅलिफोर्नियात वेगवान चार्जिंगचे पहिले सहा थांबे खुले केले आणि 2014 च्या सुरुवातीला ही साखळी लॉस एंजेलिसपासून न्यूयॉर्कपर्यंत जोडली गेली. पूर्व-पश्चिम अमेरिका एका जोडणीने पार करता यावी, यासाठी 1968 नंतर 45 वर्षं जावी लागली.

भारतात केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर 2018 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर 25 किलोमीटरला किमान एक चार्जिंग केंद्र असावं आणि दर 100 किलोमीटरला लांब पल्ल्याच्या व जड वाहनांसाठी वेगवान चार्जिंग असावं, असं त्यांत म्हटलं होतं. कॅलटेकच्या विद्यार्थ्यांचं अंतरही साठ मैल, म्हणजे जवळजवळ शंभर किलोमीटरच होतं. गनची, म्हणजे चार्जरच्या जोडाची, गोष्टही इथे पुन्हा घडली: सुरुवातीच्या सरकारी चार्जरांचा ‘भारत डीसी’ जोड आणि नव्या गाड्यांचा सीसीएस-2 जोड एकमेकांत बसत नसत, पुढे मोटारींपुरता सीसीएस-2 स्थिरावला. मुंबईहून 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने नागपूरला निघणारं कुटुंब आज आदल्या रात्री फोनवर तीन गोष्टी तपासतं: पुढचा चार्जर किती किलोमीटरवर आहे, तो चालू आहे का आणि त्याला आपली गन आहे का. 1908 साली फ्रिचलला हेच तीन प्रश्न गावोगावच्या वीजघरांना विचारावे लागले असणार.