गॅस गेला कुठे?

ज्यांनी हा भाग ऐकला नाही, त्यांनी आता वाचा. शक्यतो कूलरसमोर बसून, कारण गोष्ट मे महिन्यातल्या नागपूरची आहे.

गेल्या उन्हाळ्यात आजीला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी वर्ध्याहून नागपूरला आणत होतो. भर दुपार. बुटीबोरी यायच्या आधीच गाडीच्या एसीतून गरम हवा सुरू झाली. काच खाली केली की झळा, वर केली की भट्टी. आजीनं ओला दुपट्टा डोक्यावर घेतला आणि बोलणंच बंद केलं. आमची आजी गप्प बसली की मला भीती वाटते. आणि महिन्याभरापूर्वीच मी एसीत गॅस भरला होता. सलग तिसऱ्या वर्षी!

आजीला सुखरूप पोचवलं. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. म्हटलं, "काका, गॅस भरून द्या." ते म्हणाले, "भाऊ, गॅस काय पेट्रोल आहे का, जळून जायले? गेला कुठं, थे पाह्य नं आधी."

या एका प्रश्नात शंभर वर्षांचा इतिहास आहे. कसा, ते सांगतो.

आपण नागपूरकर कूलरवर वाढलो. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंश तापमान होतं, कूलरशिवाय जगणार कसं? कूलरमध्ये खसच्या ताटीवरचं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं. वाफ उडून जाते, टाकी रिकामी होते, आपण पाणी भरतो. एसीतही द्रवाची वाफ होते आणि गारवा मिळतो. फरक एवढाच, की तिथं वाफ सोडून देत नाहीत. कॉम्प्रेसर ती दाबतो, समोरचा कंडेन्सर तिचा पुन्हा द्रव करतो, आणि तोच गॅस बंद नळ्यांत फिरत राहतो. पण आपल्या डोक्यात कूलर बसलेला! म्हणून वाटतं, गॅसही संपतो.

१९२० च्या दशकात फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असायचे. गळती झाली की माणसं दगावायची. मग अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फ्रीऑन शोधला. १९३० मध्ये मिजलीनं सगळ्यांसमोर तो छातीत ओढला आणि फुंकून मेणबत्ती विझवली. विष नाही, आग नाही. लोक निर्धास्त झाले. आता गळला तरी काय बिघडतं?

१९३९ मध्ये पॅकार्ड कंपनीनं कारखान्यातूनच एसी बसवलेली गाडी आणली. त्यात क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून पट्टा काढायचा! आणि गाडीचा एसी जन्मापासूनच गळका. घरच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर मोटरसकट डब्यात सीलबंद असतो. गाडीत तो इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून त्याचा दांडा बाहेर काढावा लागतो. वर रबरी पाइप, सांध्यांतले ओ-रिंग आणि आपले खड्डे.

मग गळलेला गॅस गेला कुठे? १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी उत्तर दिलं: वर, ओझोनपर्यंत. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र जगासमोर आलं आणि १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. गाड्यांमध्ये आर-१२ जाऊन आर-१३४ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे पटींहून जास्त उष्णता अडवतो. असा अर्धा किलो गॅस सोडणं म्हणजे अडीचशे लिटरहून जास्त पेट्रोल जाळणं. म्हणून २०१६ मध्ये किगालीत हे वायूही कमी करायचं ठरलं.

आणि मी? तीन वर्षं पैसे देऊन तोच गॅस नागपूरच्या आभाळात सोडत होतो. ऊन वाढलं म्हणून एसी, आणि एसी गळला म्हणून आणखी ऊन.

काकांनी आधी पाहिलं, हवा जोरात येते का. कमी असती तर केबिन फिल्टर चोंदलेला. मग विचारलं, चालत्या गाडीत गार आणि सिग्नलवर गरम, असं होतं का? तसं असतं तर कंडेन्सरचा पंखा बघायचा. मग कॉम्प्रेसरचा क्लच लागतो का ते पाहिलं. शेवटी टॉर्च घेऊन ते पाइपाच्या सांध्यांवर गेले. एका सांध्यावर तेलकट धूळ चिकटली होती. गॅससोबत थोडं तेलही फिरतं, ते गळतीची खूण सोडतं. साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे आले. एक ओ-रिंग फाटलेली!

ती बदलली. व्हॅक्यूम करून, तो टिकतो का पाहिलं. मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच गॅस, ग्रॅममध्ये मोजून भरला.

वर्षानुवर्षं थोडा गॅस झिरपतोच, मान्य. पण महिन्यात एसी रिकामा झाला तर "भरून द्या" म्हणू नका. विचारा, "गेला कुठे?"

परतीच्या वाटेवर बुटीबोरीलाच आजी म्हणाली, "अरे, थोडा कमी कर. थंडी वाजते." इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

भेटू पुढच्या भागात. तोवर पाणी पीत राहा.