फुलाऱ्याच्या टोपलीतला इतिहास

देशी फूल कोणते आणि परदेशी कोणते, हा वाद अलीकडे आमच्या बेळगावकडील गणेशोत्सव मंडळांच्या बैठकांतूनही ऐकू येऊ लागला आहे. जर्बेरा देवाला चालत नाही, झेंडूच हवा. का, तर झेंडू आपला! हा वाद ज्याच्या पोटावर येतो त्या गल्लीतल्या फुलाऱ्याला मात्र अशा बैठकीला कोणी बोलावीत नाही. मी इतिहास शिकवीत आलो. तह आणि लढाया यांच्याइतकाच इतिहास त्याच्या ओल्या फडक्याखाली झाकलेल्या टोपलीत आहे, असे माझे मत आहे.

प्रथम झेंडूच पाहू. दसऱ्याचे तोरण ज्याच्यावाचून अडते तो हा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथे आजही नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी, म्हणजे साधारण आपल्या दिवाळीच्या सुमारास, मृत आप्तांच्या स्मरणार्थ घरोघरी त्याच्या राशी घालतात. इंग्रजांनी त्याला ‘आफ्रिकन मेरिगोल्ड’ म्हटले, ते निव्वळ चुकीने. आपल्याकडे तो पोर्तुगीजांच्या जहाजांतून आला असे सामान्यतः मानले जाते. निशिगंधाचे माहेरही मेक्सिकोच. शेवंती चीनची, अ‍ॅस्टरही चीनचा. देवळाच्या आवारात शेकडो वर्षे उभा असावा असा वाटणारा पांढरा चाफा उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतून आलेला. सोनचाफा तेवढा आपला. जर्बेरा दक्षिण आफ्रिकेचा. म्हणजे झेंडू आणि जर्बेरा यांच्यात फरक एवढाच, की एक पाहुणा अगोदर आला आणि दुसरा मागाहून.

याउलट खरोखर इथल्या फुलांची दखल परक्यांनी किती आस्थेने घेतली, तेही पाहावे. गोव्यात राहणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा औषधी वनस्पतींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात पारिजातकावर एक स्वतंत्र संवाद आहे. रात्री फुलणाऱ्या आणि सकाळी फुले गाळणाऱ्या या झाडाला ते ‘दुःखी झाड’ म्हणतात आणि सूर्यावर प्रेम करून जळून गेलेल्या राजकन्येची इथे ऐकलेली कथाही सांगतात. पुढे १७५३ मध्ये लिनियसने झाडाला शास्त्रीय नाव दिले, त्यातही ते ‘दुःखी’पण कायम राहिले. आमच्या अंगणातल्या झाडाचे दुःख असे थेट स्वीडनपर्यंत पोचले!

फुले आली जहाजांतून, पण ती सामान्य माणसाच्या नजरेत भरली बागांमधून. बडोद्याची सयाजीबाग, म्हणजे तिथल्या मराठी मंडळींची कमाटी बाग, १८७९ सालची. जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबिगल हे सयाजीराव महाराजांच्या पदरी बडोद्यास काम करून १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात गेले आणि बंगलोरच्या लालबागेचे प्रमुख झाले. रस्त्याच्या कडेला झाडे अशी लावावीत, की एकाचा बहर ओसरला म्हणजे दुसऱ्याचा यावा, ही त्यांची योजना. लालबागेच्या काचघरातली पुष्पप्रदर्शने पाहायला आमच्या भागातूनही माणसे जात आणि जातात. उद्यानाला तिकीट काढून जाणारा रसिक निराळा आणि धंद्याची नजर घेऊन जाणारा फुलारी निराळा. हाराच्या गोंड्यात खोवलेली मोरपंखी पाहा. ती बागेच्या कुंपणातून हारात आली. तोरणातला अशोकही उद्यानातलाच, उंच सरळसोट वाढणारा. सीतेचा अशोक तो नव्हे! पण हे आपण फुलाऱ्याला सांगायला जाऊ नये; त्याला ते ठाऊक असते.

आमच्या गल्लीतले वृद्ध फुलारी, सारी गल्ली त्यांना अप्पा म्हणते, रोज पहाटे बाजार करून आले की टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत एक फेरी मारतात. फुले तोडायला नव्हे. कोणत्या झाडाखाली कोणता सडा पडला आहे, कोवळी पालवी कशावर आली आहे, हे पाहून त्या दिवशीचा हार ठरतो. मी एकदा त्यांना विचारले, ही रंगसंगती कोणी शिकवली? म्हणाले, “माळी बागेत पिवळ्याशेजारी जांभळं का लावतोय ते बघून या की सर, मग हाराचं कळतंय.” फाल्गुन-चैत्रात कोकणातून सुरंगीचे वळेसर घाट चढून त्यांच्याकडे येतात. सुरंगी रानातल्या झाडावर चढून, कळी उमलण्याआधी काढावी लागते. हरितगृहात ती होत नाही. ज्या वर्षी बहर कमी, त्या वर्षी टोपलीचा तो कोपरा रिकामा. सध्या त्या कोपऱ्याशेजारच्या दुकानात प्लास्टिकची तोरणे लटकतात. एकदा विकत घेतली की चार दसरे निघतात. जर्बेऱ्यावर हरकत घेणाऱ्या आमच्या मंडळाच्या मांडवातही गेल्या वर्षी ती होती, आणि ती कोणत्या देशाची हे कोणी विचारले नाही.

सीमाभागातल्या या टोपलीत नावेही दोन-दोन असतात. आपली अबोली कानडी गिऱ्हाइकाची कनकांबर होते, निशिगंध सुगंधराज होतो. झेंडूला कानडीत ‘चेंडू हू’ म्हणतात, आणि त्या फुलाचा गोल गरगरीत आकार पाहता हे नाव मला अधिक नेमके वाटते. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या. टोपलीतली नावे जिथल्या तिथे राहिली. माप मात्र मराठी गिऱ्हाईकही कानडीतच मागते: मोळ. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात. अप्पा चांगले उंच, त्यांच्या सौभाग्यवती बुटक्या. त्यामुळे गल्लीतल्या बायका अबोलीचा गजरा घ्यायला येतात, त्या अप्पा दुकानात बसलेले पाहूनच.