उदरातील मांसकर्क : शस्त्रक्रियोत्तर किरणोपचाराचे उपद्रव

पर्युदराच्या पाठीमागे मेद, स्नायू इत्यादी मृदू ऊतकांत वाढलेली मांसकर्काची, म्हणजे सार्कोमाची, गाठ काढून टाकल्यावर मागे राहिलेल्या सूक्ष्म पेशींचा नायनाट व्हावा म्हणून जे किरण दिले जातात, त्यांपासून निरोगी इंद्रियांना पोचणारी इजा. गाठ जागेवर असते तोवर ती आतड्यांना बाजूला सारून ठेवते. ती निघाली, की रिकाम्या झालेल्या जागेत लहान आतडे उतरते आणि व्रणबंधांनी तेथेच चिकटते. मोकळे वेटोळे एरवी हलत राहिल्याने एखाद्या दिवशी किरणांतून निसटते, परंतु चिकटलेल्यावर रोज तोच मारा होतो. लहान आतड्याची सहनशक्ती सुमारे ४५ ते ५० ग्रे (किरणमात्रेचे एकक) असून उरलेल्या रोगाच्या बंदोबस्ताला त्याहून अधिक मात्रा लागते; या इलाजाची सारी अडचण येथेच आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून मळमळ, पोटात मुरडा, जुलाब व थकवा जाणवतो. आतड्याचे अस्तर दर काही दिवसांनी नवे होत असते आणि तेच काम किरणांनी थांबते. या काळात दूध पुष्कळदा सोसत नाही. मऊ भात व ताक बहुतेकांना मानवते, परंतु सिंगापुरात उपचार घेणाऱ्यांनी तेथील खाद्यकेंद्रांतील लाक्सा, म्हणजे नारळाच्या दुधाचा, तिखटाचा शेवयांचा रस्सा, तूर्त वर्ज्य समजावा. हे उपद्रव बहुधा काही आठवड्यांत ओसरतात. काही महिन्यांनी, क्वचित वर्षांनी, उद्भवणारे विकार मात्र अधिक चिवट असतात : सूक्ष्म रक्तवाहिन्या अरुंद होऊन आतडे आखडते, अडथळा, रक्तस्राव किंवा नाडीव्रण होतो, आणि शेवटच्या भागाला इजा पोचल्यास ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषण घटते. गाठीबरोबर एक मूत्रपिंड काढावे लागले असेल, तर उरलेल्याच्या रक्षणात हयगय चालत नाही.

या कारणांनी शस्त्रक्रियेनंतर सरसकट किरण देण्याची पद्धत मागे पडली, ती योग्यच होय. शस्त्रक्रियेपूर्वी २८ बैठकांत ५०.४ ग्रे देऊन पाहणाऱ्या, २६६ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले; त्यातही एकंदरीत लाभ सिद्ध झाला नाही, केवळ मेदजन्य प्रकारांत काही आशा दिसली. सिंगापूरच्या औट्रम भागातील राष्ट्रीय कर्करोग केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन उपचारही उपलब्ध आहे. प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबत असल्याने पलीकडचे अवयव वाचतात, तथापि लक्ष्याला चिकटलेले आतडे त्यानेही वाचत नाही.

नोकरीनिमित्त सिंगापुरात राहिलेली मराठी कुटुंबे पुढे पुण्यास वा नागपुरास परततात आणि उशिराचे विकार तेथे उद्भवतात; म्हणून एकूण मात्रा, बैठका, तारखा व किरणक्षेत्राचा नकाशा यांचे दप्तर केंद्राकडून मागून घेऊन जपावे. किरण लागलेल्या आतड्याचे टाके नीट भरून येत नाहीत व पुष्कळदा गळतात, तेव्हा पोट पुन्हा उघडण्यापूर्वी शल्यचिकित्सकाला ती माहिती असणे अगत्याचे आहे.